कायदा सर्वांचा, मजकूर कुणाचा?

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महाराष्ट्रातल्या इमारतींच्या मालकांना एक कागद सादर करावा लागतो. त्याला म्हणतात फॉर्म बी. आमच्या इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीने त्यात लिहून द्यायचं असतं. त्यामागे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. हा अधिनियम पुढे बोट दाखवतो राष्ट्रीय बांधकाम संहितेकडे, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडकडे. संहिता बोट दाखवते भारतीय मानकांकडे, ‘आयएस’ आणि पुढे एक आकडा अशा नावाच्या शेकडो पुस्तिकांकडे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आग, सिमेंट, लोखंड हे माझे विषय नाहीत. पण शब्द हा माझा विषय आहे. एखादं वाक्य मला पाळायला लावलं जातं, तेव्हा ते वाक्य वाचावं असं मला वाटतंच. ते वाचायला गेल्यावर कळलं की ही साधी वाटणारी मागणी जगभरच्या न्यायालयांत लढली गेली आहे. आपल्या देशात तर तिचा संबंध थेट शाळेच्या वर्गखोलीशी आहे.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम इथे एका शाळेला आग लागली. स्वयंपाकघरातून निघालेली ठिणगी गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार हे तिचं नाव. १३ एप्रिल २००९ रोजी निकाल आला. सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. शाळेला मान्यता देण्यापूर्वी तिची इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या सुरक्षेच्या नियमांप्रमाणे आहे, याची खात्री राज्यांनी करून घ्यावी, असा आदेश झाला. शाळांमध्ये अग्निशामक साधनं बसवा, कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवा, हेही सांगितलं.

निकाल मोफत वाचता येतो. कुणालाही, कुठूनही. पण निकालाने जी संहिता पाळायला सांगितली, ती मात्र विकत घ्यावी लागत होती. २०१६ च्या आवृत्तीची दोन जाडजूड पुस्तकं आणि किंमत पाच आकडी. कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेला वर्षभराचं सादिलवार अनुदान किती मिळतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गंमत समजावून सांगायला नको.

आता कायद्याचं एक जुनं तत्त्व बघा. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. हे तत्त्व कठोर आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. नागरिकाने कायदा जाणून घ्यायचा असेल, तर सरकारने तो उघड करायला हवा. ही दुसरी बाजू आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच पक्की केली. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयी एक कायदा ठरावाने संमत केला आणि तो कुठे प्रसिद्धच केला नाही. पुढे त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. पन्नास रुपयांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि दंड रद्द झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस हे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ज्या कायद्याची लोकांना माहिती होण्याची सोयच नव्हती, त्याखाली शिक्षा देणं नैसर्गिक न्यायात बसत नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार.

मग प्रसिद्धी म्हणजे नेमकं काय? याचं उत्तर मुंबईतल्या एका प्रकरणात सापडतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. अंगात घातलेल्या जाकिटात ३४ किलो सोनं होतं. तो विमानातून उतरलाही नव्हता. रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना चारच दिवसांपूर्वी राजपत्रात छापून आली होती. झुरिकला बसलेल्या माणसाला ती कशी कळणार, हा त्याचा प्रश्न. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी धरलं. राजपत्रात आलं की देशात जाहीर झालं, एवढं पुरेसं आहे, असं ठरलं.

या दोन निकालांच्या मधोमध आपला प्रश्न उभा आहे. राजपत्रात मानकाचा आकडा छापून येतो. मजकूर येत नाही. ‘अमुक वस्तू आयएस अमुकप्रमाणे असली पाहिजे’ एवढंच. दार दाखवलं, किल्ली विकत घ्या. हरलाच्या कायद्याइतकं हे गुप्त नाही, हे खरं. पण जॉर्जच्या अधिसूचनेइतकं उघडही नाही.

ही मानकं आपल्या आयुष्यात किती खोल शिरली आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. नळाचं पाणी पिण्यालायक कधी म्हणायचं, हे आयएस १०५०० ठरवतं. प्रेशर कुकरचं मानक २३४७, दुचाकीवरच्या हेल्मेटचं ४१५१. मुलांची खेळणी १ जानेवारी २०२१ पासून मानकाप्रमाणे असणं सक्तीचं झालं. भारतीय मानक संस्था स्थापन झाली ६ जानेवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. तेव्हा ती नोंदणीकृत सोसायटी होती, सरकारी खातं नव्हे. तिचं पहिलं मानक, आयएस १, कशाचं आहे ठाऊक आहे? राष्ट्रध्वजाचं. कापड, रंग, मापं, सगळं त्यात आहे. पुढे संसदेने कायदा केला आणि १९८७ पासून ती भारतीय मानक ब्युरो झाली.

मानकं लिहितं कोण? ब्युरोच्या समित्यांवर कारखानदार, प्राध्यापक, सरकारी अभियंते, प्रयोगशाळांचे लोक, ग्राहक संघटनांचे प्रतिनिधी असतात. बहुतेकांना त्या लिखाणाचे पैसे मिळत नाहीत. मसुदा लोकांकडे सूचनांसाठी जातो, मग पक्का होतो. हे काम मोठं आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. प्रश्न एवढाच की पक्का झाल्यावर, आणि कायद्याने सक्तीचा केल्यावर, तो मजकूर कुणाचा?

ब्युरोचं उत्तर स्पष्ट होतं: आमचा. भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ च्या कलम ११ नुसार ब्युरोच्या परवानगीशिवाय कोणतंही भारतीय मानक किंवा त्याचा भाग छापता येत नाही, प्रसिद्ध करता येत नाही. स्वतःच्या वापरापुरती प्रत काढायला मुभा आहे. तो भाग दुसऱ्याच्या हातात दिला की दंडाची तरतूद.

या उत्तराला आव्हान देणारा माणूस होता अमेरिकेतला, कार्ल मालामूद. गांधीजींच्या लिखाणाचा चाहता. त्याच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेने भारतीय मानकं विकत घेतली आणि १९ हजारांच्या आसपास मानकं इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवून दिली. ब्युरोने हरकत घेतली, त्याचं सदस्यत्व पुढे चालू ठेवायला नकार दिला. २०१५ मध्ये तो, हैदराबादचे श्रीनिवास कोडाली आणि ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ उभं करणारे सुशांत सिन्हा असे तिघे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. म्हणणं सरळ होतं. जे पाळलं नाही तर जीव जातो आणि शिक्षा होते, ते वाचायला पैसे का?

हाच मालामूद आपल्या देशातही लढत होता. जॉर्जिया राज्याने कायद्याच्या सटीक संहितेवर कॉपीराइट सांगितला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितलं की खासगी संस्थांनी लिहिलेली, पण कायद्यात सामील केलेली मानकं विनामोबदला लोकांपुढे ठेवणं हा रास्त वापर आहे. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयात मुख्यतः खेळण्यांच्या सुरक्षेची मानकं होती. कायद्याचा भाग झालेली मानकं पाहायला मिळण्यात लोकांचं वरचढ हित आहे, असा तिथेही कौल लागला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. मानक बनवायला पैसा लागतो. चाचण्या, बैठका, दर काही वर्षांनी सुधारणा. अमेरिकेत हे काम खासगी संस्था करतात आणि त्यांचा खर्च पुस्तकविक्रीतून निघतो. उद्या सगळं फुकट झालं तर लिहील कोण? पण आपल्याकडे हा मुद्दा तितका लागू होत नाही. आपला ब्युरो ही संसदेने निर्माण केलेली संस्था आहे आणि तिची मुख्य कमाई पुस्तकांतून नव्हे, आयएसआय चिन्ह आणि हॉलमार्कसारख्या प्रमाणनाच्या शुल्कातून होते.

उर्दू पुस्तकांच्या पहिल्या पानावर एक ओळ असते, ‘जुमला हुकूक महफूज’. सर्व हक्क राखीव. दीनी पुस्तकांत कधी कधी याच्या उलट लिहिलेलं सापडतं: मजकुरात फेरबदल न करता कुणीही छापावं. लेखकाच्या हक्काविषयी आपल्या उलेमांमध्ये दोन मतं राहिली आहेत. इल्म विकायची वस्तू नाही म्हणणारे होते, मेहनतीवर मेहनत करणाऱ्याचा हक्क आहे म्हणणारेही होते. १९८८ मध्ये इस्लामी फिक्ह अकादमीने कुवेतच्या बैठकीत लेखकाचा हक्क मान्य केला. मला तो पटतो. कादंबरीकाराचा, शायराचा, गाइड लिहिणाऱ्या मास्तरचाही. पण कादंबरी न वाचल्याबद्दल कुणाला दंड होत नाही. ज्या मजकुराने माझ्यावर बंधन येतं, तो मजकूर माझाही आहे. इल्म लपवणं गुनाह मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बदल झाला आहे, हे नोंदवलं पाहिजे. गेल्या काही वर्षांत ब्युरोने भारतात तयार झालेली मानकं आपल्या पोर्टलवर मोफत केली. नाव नोंदवायचं, उतरवून घ्यायचं. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मानकांवर बेतलेली मात्र या सवलतीत सहसा येत नाहीत, कारण त्यात बाहेरच्या संस्थेचा हक्क असतो. खेळण्यांचं मानक अशाच एका आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. तरीही हा मोठा बदल आहे, आणि त्यासाठी झगडलेल्यांचे आभार मानले पाहिजेत.

पण दार उघडलं म्हणजे घरात शिरता आलं असं नाही. खरी अडचण माझ्या विषयाची आहे: भाषेची.

आयएस ४५६ घ्या. काँक्रीटचं मानक. आपल्याकडचं प्रत्येक घर, प्रत्येक मस्जिद, नेरळ-कर्जत-खोपोली पट्ट्यात उगवणारा प्रत्येक टॉवर याच पुस्तकावर उभा असतो, निदान कागदावर तरी. त्यातली काही वाक्यं अगदी साधी आहेत. काँक्रीट ओतल्यावर ते सतत ओलं ठेवायचं: साध्या पोर्टलँड सिमेंटचं असेल तर किमान ७ दिवस, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटचं असेल तर किमान १० दिवस. स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे? साडेचार मीटरपर्यंतचा गाळा असेल तर ७ दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी. सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे २१ दिवसांनी. यात न कळण्यासारखं काही नाही. पण हे इंग्रजीत आहे, आणि सेंटरिंग काढणारा माणूस इंग्रजी वाचत नाही. त्याला जे माहीत आहे ते मुकादमाने सांगितलेलं. मुकादमाला ठेकेदाराने सांगितलेलं. आणि ठेकेदाराला पुढच्या साइटवर त्याच फळ्या हव्या असतात.

मग मराठीत, उर्दूत करावं का हे? इथे कायद्याने एक विचित्र फरक केला आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये एक सुंदर तरतूद आहे. एखाद्या अधिनियमाचं, त्याखालच्या नियमांचं भारतीय भाषेत सरकारने भाषांतर केलेलं नसेल, तर कुणालाही ते करून प्रसिद्ध करता येतं. अट एवढीच की हे भाषांतर सरकारमान्य नाही, असं ठळक लिहायचं. म्हणजे मी महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक अधिनियम उर्दूत आणून छापू शकतो. त्या अधिनियमाने ज्या मानकांचा आधार घेतला, त्यांना मात्र ही मुभा सरळ शब्दांत दिलेली नाही. तिथे ब्युरोची परवानगी आडवी येते. कायद्याचं धड माझ्या भाषेत येऊ शकतं, हातपाय इंग्रजीतच राहतात.

कुणी म्हणेल, तुमच्या शब्दांत सांगा ना. कॉपीराइट शब्दांवर असतो, माहितीवर नाही. अगदी बरोबर. वर मी तेच केलं. पण ज्या मजकुरात एकेका शब्दाला वजन असतं, तिथे सारांश पुरत नाही. इंग्रजी मानकांत ‘शॅल’ आणि ‘शुड’ हे दोन वेगळे शब्द असतात. पहिला म्हणजे सक्ती, दुसरा म्हणजे शिफारस. आपल्या सरकारी मराठीत दोन्हींसाठी ‘करावे’ येतं, आणि तिथेच घोळ होतो. ‘स्लॅब ओला ठेवावा’ हे वाचून ठेकेदार म्हणतो, ठेवावा म्हणजे जमलं तर. मदरशातलं दहा वर्षांचं पोर मात्र या बाबतीत पक्कं असतं. फर्ज वेगळं, मुस्तहब वेगळं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटवर दहा दिवस पाणी मारणं फर्ज. ते चौदा दिवसांपर्यंत वाढवलं तर उत्तम, ते मुस्तहब. आपल्या भाषेत हे अचूक सांगणारे शब्द शेकडो वर्षांपासून आहेत. त्यांना कामाला लावायला परवानगीचा कागद का लागावा?

हा नुसता भाषाप्रेमाचा मुद्दा नाही. आपल्याच जिल्ह्यात, महाडच्या काजळपुऱ्यात, २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांसारखी कोसळली. १६ माणसं गेली. इमारत जुनीपुराणी नव्हती, आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिलेली होती. आखाती देशांत राबून आणलेला पैसा, मुलाच्या लग्नाआधी हक्काचं छप्पर हवं म्हणून घेतलेला फ्लॅट, ही कोकणातल्या मुसलमान घरांची नेहमीची गोष्ट आहे. फ्लॅट घेताना आपण किबला बघतो, वारा बघतो, मस्जिद किती लांब ते विचारतो. कॉलममधली सळई किती आत आहे हे विचारत नाही, कारण विचारायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो विनामोबदला दूर करायचा असतो. पण दोष आहे हे सिद्ध करायला मोजपट्टी लागते. ती मोजपट्टी मानकात असते.

मोहल्ल्यातली मस्जिद बांधतानाचं दृश्य आठवा. स्लॅब पडायच्या दिवशी सगळी वस्ती येते. तरुण पोरं घमेली उचलतात, घराघरांतून चहा येतो. सिमेंटच्या किती गोण्या कुणाच्या नावाने आल्या, याचा हिशेब जमातीच्या वहीत पैशापैशापर्यंत असतो. दुसऱ्या दिवशी पाणी मारायला किती जण येतात? आणि तिसऱ्या दिवशी? चंद्याचा हिशेब मागणारे आपण टेकूंचा हिशेब मागत नाही.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. जी मानकं कायद्याने सक्तीची केली, त्यांच्या भाषांतराला अधिनियमांच्या भाषांतरासारखीच खुली परवानगी असावी. ‘हे अधिकृत नाही’ असं वर लिहायला आमची ना नाही. ब्युरोने स्वतः मराठीत, उर्दूत आणली तर फारच छान. सगळी हजारो नकोत. घर, पाणी, आग, गॅस, खेळणी, एवढी आधी. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आठ भाषांत निघतात, उर्दूतही निघतात आणि ई-बालभारतीवर मोफत मिळतात. राज्य मुलांसाठी हे करू शकतं, तर त्या मुलांच्या डोक्यावरच्या स्लॅबसाठीही करता येईल.

तोवर जे हातात आहे ते करू. सात, दहा, चौदा, एकवीस हे आकडे कुणाच्या मालकीचे नाहीत. ते मराठीत लिहा, उर्दूत लिहा, ज्याचं घर बांधून होतंय त्याच्या हातात द्या. ओतलेल्या काँक्रीटची तारीख कॉलमवर खडूने लिहायला सांगा. गोणपाट ओलं आहे का, हे हात लावून बघायला इंजिनिअर असावं लागत नाही.